शांतम्माचे पाच अंगठे

टेकवाडीला जायचं तर पाण्यातून जावं लागतं, आणि पाण्यातून जायचं तर शांतम्माच्या काहिलीतून. काहील म्हणजे गूळ करायची ती अवाढव्य लोखंडी कढई. धरण भरलं तेव्हा तिच्या सासऱ्याचं गुऱ्हाळ पाण्याखाली गेलं, चुलवाण गेलं, काहील तेवढी वर राहिली. तीच पुढं होडी झाली. सहा माणसं, नाहीतर चार माणसं आणि एक शेळी, एवढं तिचं माप.

सरकारच्या दप्तरी टेकवाडीचं पुनर्वसन केव्हाच झालं आहे. पण दिलेले प्लॉट खडकावर, तिथं घोटभर पाणी नाही. म्हणून अठ्ठावीस घरं टेकडीवर राहिली ती राहिलीच. भादव्यात पाणी चढलं की टेकडीचं बेट होतं, ते होळीपर्यंत.

नवरा कल्याणप्पा वारला, त्याचे दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी शांतम्मानं वल्हं हातात घेतलं. त्याला आता चौदा वर्षं होतील. रोज पहिल्या खेपेआधी ती वाकते, ओंजळीतलं पाणी कपाळाला लावते आणि म्हणते, "गंगामाय, जेवढी बसली तेवढी उतरू दे." दुसरं काही मागत नाही.

तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवा वण आहे. काहिलीच्या कडेनं एकदा अंगठा असा कापला होता की हाड दिसलं. तेव्हापासून कागदावर तिचा अंगठा उठला की मधोमध पांढरी रेघ पडते. पलीकडच्या ठाण्यातला रामहरी जमादार हसून म्हणायचा, "शांताबाई, तुझा अंगठा हजारात वळखू यील बघ."

रामहरीला तो अंगठा चांगलाच ओळखीचा होता. त्याचं कारण असं. पूर्वी एकदा एक गुराखी बुडून मेला. पंचनाम्याशिवाय प्रेत हलवता येईना, आणि वारं असलं सुटलेलं की काहील पाण्यात घालता येईना. दीड दिवस प्रेत काठावर पडून राहिलं. त्याच्या आईचा तो आकांत गावानं ऐकला. तेव्हा ठाण्यानं आणि गावानं मिळून तोड काढली. आषाढात, पाणी चढायच्या आधी, रामहरी यायचा. शांतम्माचे पाच अंगठे आणि दुकानदार सिद्धेश्वरच्या पाच सह्या कोऱ्या कागदांच्या तळाशी घेऊन जायचा. वरचा मजकूर पुढं जे घडेल तसा. बेटावर लोक पावसाळ्याआधी मीठ, मिरची, काडेपेटी भरून ठेवतात, तसे हे अंगठे भरून ठेवलेले. कुणाची शेळी हरवली, कुणाचं डोकं फुटलं, तर पोलिसाला पाण्यात उतरायला नको आणि गावाला ताटकळायला नको. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शांतम्माला तर ते पुण्याचंच काम वाटायचं.

मग इंजिनाचं प्रकरण झालं.

एक बाळंतीण काहिलीतच मोकळी झाली, पेपरात आलं, आणि टेकवाडीला इंजिनाची होडी मंजूर झाली. होडी आली. पांढरी, गुळगुळीत, दोन वल्ह्यांसकट. इंजिन मागून येणार होतं. पोलीस पाटील हिंमतरावांनी "होडी इंजिनासह मिळाली" म्हणून सही करून दिली, कारण तालुक्याचे साहेब म्हणाले, सही झाल्याबिगर इंजिन सुटत न्हाय. इंजिन काही सुटलं नाही. इंजिनाबिगर होडीला हात लावायचा नाही, असा वर साहेबांचा हुकूम. ती चिंचेखाली पडली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

दोन वर्षांनी जिल्ह्याहून तपासणीचं पत्र आलं: इंजिन दाखवा. हिंमतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब म्हणाले, "चोरीला गेलं म्हणा." चोरी म्हटली की चोर आला. आणि अख्ख्या बेटावर पान्ह्यांची पिशवी होती एकट्या पाशामियाँकडं.

पाशा उमरग्याला ट्रकच्या गॅरेजात शिकलेला. पंपाची मोटर म्हणू नका, शिवणयंत्र म्हणू नका, त्याच्या हातात बोलायला लागायचं. काहिलीच्या बुडाला दरसाल तो नवे रिबीट मारायचा आणि म्हणायचा, "अक्का, ही कढई तुमच्या नातवाच्या लग्नाला पण चालंल. आधी नातू तर आणा."

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी रामहरीचा निरोप आला, ठाण्यातल्या बोअरची मोटर अडकली आहे. पाशा पिशवी घेऊन काहिलीत बसला. उतरताना म्हणाला, "सांजच्या खेपेला येतो, अक्का. थांबा माझ्यासाठी." शांतम्मा थांबली. दिवे लागले तरी थांबली. पाशा आला नाही. जेवढी बसली तेवढी उतरली नाहीत, असं चौदा वर्षांत पहिल्यांदा झालं.

इंजिनाचा चोर म्हणून त्याला ठाण्यातच धरलं. कोर्टानं जामीन दिला, पण जामीनदाराचा सातबारा पाहिजे. टेकवाडीचे सातबारे पाण्याखाली. पलीकडच्या काठावर कोरडी जमीन होती फक्त हिंमतरावांची, आणि ते म्हणाले, "मी पोलीस पाटील. मला जमायचं न्हाय." पाणी उतरलं, पुन्हा चढलं. दहा महिने पाशा आतच. त्याची बायको रजियाबी दर भेटीच्या दिवशी डबा घेऊन काहिलीत बसायची. काठ येईपर्यंत एक शब्द बोलायची नाही, आणि उतरताना विचारायची, "अक्का, ह्यांनी चोरी केली आसंल असं तुमच्या दिलाला वाटतं का?"

"न्हाय ग बाई."

"मग कोण बोललं, आमच्या घरात सामान घावलं म्हणून?"

शांतम्माला खरंच ठाऊक नव्हतं.

ते कळलं दिवाळीनंतर. रामहरी पलीकडच्या काठावर उभा राहून शिट्टी वाजवत होता. ती गेली तर त्यानं हातात कागद दिला. "समन्स हाय. बुधवारी कोर्टात यायचं. तू पंच हायस."

"कशाची पंच?"

"पाशाच्या केसची. त्याच्या घरातून इंजिनाचे पार्ट निघाले ना, तुझ्याम्होरं." असं म्हणून तो जवळ आला. "तीस डिसेंबर, सकाळी अकरा. फक्त व्हय म्हणायचं. सिद्धेश्वर बी व्हयच म्हणणाराय."

शांतम्मा काहिलीच्या कडेवर बसली. वल्हं तिनं आडवं मांडीवर घेतलं.

"जमादार, मी तर काईच बघितलं न्हाय."

"अंगठा तुझाच हाय. वळखू येतोय." मग आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखा, तो म्हणाला, "हे बघ शांताबाई. न्हाय म्हणलीस तर कोर्ट विचारणार, अंगठा का दिला? मग खोट्या पंचनाम्यात तूच आत. आणि ह्या कढईला लायसन हाय का? सरकारी पाण्यात इनापरवाना माणसं वाहतीस. आजवर आमी बघितलं न्हाय, ते तू आपली म्हणून."

त्या दिवशी तिनं चुलीवर भात ठेवला आणि तो करपून कोळसा झाला तरी तिला कळलं नाही. देवापुढं निरांजन लावलं, पण हात जोडायचं धाडस होईना. पाशाला कोंडलं ते कुणी, हे दहा महिने ती शोधत होती. आणि तो अंगठा तिच्याच हाताला होता.

दुसऱ्या दिवशी हिंमतराव स्वतः तिच्या दारात आले. उभ्या आयुष्यात ते तिच्या ओट्यावर टेकले नव्हते, त्या दिवशी टेकले.

"शांताक्का, गावाचा इचार करा. काहील गेली तर लेकरं शाळंला कशी जाणार? बाळंतिणी कुठून जाणार? एका माणसापायी अठ्ठावीस घरं बुडवायची का?"

"पाटील, तीस डिसेंबर म्हंजी कंचा दिवस?"

हिंमतराव ओट्यावरची माती बोटानं उकरू लागले.

"रजियाबीनं मला मोजून सांगितलं. पाशा गेला त्याच्या आदला दिवस. येळवस. सोमवारची अमावस्या."

आमच्या जिल्ह्यात येळवशीला गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. जो तो शेतात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आंबील, भज्जी, उंडे खायचे आणि मावळतीला परतायचं. टेकवाडीची शेतं पाण्यात गेल्यापासून सगळं गाव हिंमतरावांच्या पलीकडच्या शिवारात येळवस करायचं. शांतम्मा पहाटेपासून खेपा करून एकेका घराला पलीकडं न्यायची आणि शेवटी काहील पालथी घालून स्वतःही जायची. दिवसभर बेटावर माणूस म्हणून नसायचं.

"तुमच्याच कोपीत बसलोता सगळे," शांतम्मा म्हणाली. "पाशाला आंबील मी वाढली. तुमी म्हणलात, पाशा, आजून एक तांब्या घे, लाजू नगंस. म्हणलात का न्हाय?"

हिंमतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "म्हणलो," ते म्हणाले. "पण ते कोपीत म्हणलो. कोर्टात न्हाय म्हणायचो." आणि उठून गेले.

बुधवारी शांतम्मानं पाणी कपाळाला लावलं, तेव्हा नेहमीचं मागणं ओठांवर आलं नाही. काहिलीत तिच्यासोबत रजियाबी होती. सिद्धेश्वर आदल्या सांजेलाच हिंमतरावांबरोबर गेला होता. रजियाबीनं काही विचारलं नाही. शांतम्मालाच राहवलं नाही. "रजिया, पंच मी हाय," ती म्हणाली. मग कोऱ्या कागदांचं सगळं सांगितलं.

रजियाबीनं मांडीवरचा डबा घट्ट धरला. काठ लागला तशी उतरली, आणि वळून म्हणाली, "मला इतकंच सांगा, आज काय सांगणार?"

"बघू, तिथं तोंडातून काय निघतं," शांतम्मा म्हणाली. खोटा धीर देण्यापेक्षा तेच खरं होतं.

कोर्टात आधी सिद्धेश्वरला बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय, माझ्यासमोर झाला. माझीच सही." बाहेर जाताना तो तिच्या अगदी जवळून गेला, पण त्यानं नजर वर केली नाही. मग तिचं नाव पुकारलं.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला पाशा दिसला. वाळलेला, दाढीत पांढरं आलेलं. पण तिची नजर त्याच्या हातांवर गेली. त्याच्या नखांत नेहमी काळं ऑइल असायचं. आता नखं एखाद्या कारकुनासारखी स्वच्छ होती. ते तिला बघवेना.

सरकारी वकिलांनी कागद पुढं धरला. "हा अंगठा तुमचा?"

पांढरी रेघ मधोमध स्पष्ट दिसत होती. "माझाच."

"आरोपीच्या घरी पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

दारात रामहरी उभा होता. टोपी काखेत, नजर तिच्यावर.

"न्हाय."

"नीट ऐका बाई. अंगठा तुमचा आहे म्हणालात."

"अंगठा माझा हाय. पंचनामा माझा न्हाय."

वकिलांनी त्राग्यानं कागद टेबलावर ठेवला आणि न्यायाधीशबाईंना म्हणाले, "साक्षीदार फितूर झाला आहे." तो शब्द शांतम्माला कानफटात बसल्यासारखा लागला. फितूर कुणाला? ती कठड्याला धरून उभी राहिली.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग अंगठा कसा दिलात?"

तिनं सांगितलं. बुडालेल्या गुराख्यापासून सांगितलं. मीठ, मिरची, काडेपेटी, तसे पाच अंगठे, असं सांगितलं. "कोरे?" बाईंनी विचारलं. "कोरे," ती म्हणाली.

"हे तुमच्यावरही शेकू शकतं, कळतंय ना?"

"शेकू द्या, बाईसाहेब. माज्या अंगठ्यानं त्याला शेकलंच की दहा म्हैने."

पाशाच्या बाजूच्या वकील अर्पिताताई, तरुण पोर, उठल्या आणि पिशवीतून घरचं गेल्या सालचं कॅलेंडर काढलं. चौकटीचौकटीत दुधाच्या खुणा केलेल्या. त्यांनी तीस डिसेंबरवर, 'वेळ अमावस्या' छापलेल्या चौकटीवर, बोट ठेवलं. न्यायाधीशबाई बाहेरच्या जिल्ह्यातल्या, त्यांनी विचारलं, "वेळ अमावस्येचं काय एवढं?" त्यावर कोर्टातल्या बाकांवर खसखस पिकली. शिपाई, कारकून, पक्षकार सगळ्यांना ठाऊक होतं काय ते. एक म्हातारा न राहवून बोललाच, "त्या दिवशी घरात कोण घावतंय, साहेब? पांडव बी शेतातच असतात."

सरकारी वकील म्हणाले, हे सगळं तोंडी आहे. दुसऱ्या पंचानं सही मान्य केली आहे. कोरा कागद कुणी पाहिला? न्यायाधीशबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. पाशाला पुन्हा गाडीत बसवलं. चढताना त्यानं शांतम्माकडं बघून फक्त मान हलवली.

एकाच्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द. वर तोलायला काही नाही. बसमधून येताना तिच्या डोक्यात तेच फिरत होतं.

दिवस कलता ती काठावर पोचली, तर काहिलीभोवती दोन शिपाई आणि रामहरी. काहिलीच्या कड्यात साखळदंड अडकवलेला, मागं ट्रॅक्टर उभा. सिद्धेश्वर आणि हिंमतरावांना ट्रॅक्टरवाल्यानं त्याआधीच काहिलीनं बेटावर सोडलं होतं. रजियाबी जेलच्या भेटीसाठी मागं थांबली होती. शांतम्मा एकटी होती.

"सांगितलं होतं तुला," रामहरी म्हणाला. त्याचा आवाज घरचा राहिला नव्हता. "इनापरवाना जलवाहतूक. जप्ती." तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून भराभर लिहीत होता.

"पंच कुठंयत?" शांतम्मानं विचारलं. चौदा वर्षांत तिला एवढं तरी कळत होतं.

"हायत पंच. तू नगं शिकवू."

तिनं आजूबाजूला पाहिलं. शिपाई, ट्रॅक्टरवाला, पलीकडं पाणी. पंच म्हणून कुणी नव्हतं. ती दोन पावलं पुढं झाली आणि बॉनेटवरच्या कागदाकडं पाहिलं. वरच्या दोन ओळी लिहून झाल्या होत्या. मधला सगळा कागद कोरा होता. आणि तळाशी सिद्धेश्वरची सही, आणि सहीशेजारी एक अंगठा, मधोमध पांढरी रेघ असलेला.

तिची स्वतःची काहील तिच्याच अंगठ्यानं जप्त होत होती.

ह्या आषाढात रामहरी अंगठे घ्यायला आला नव्हता, हे तिला तेव्हा आठवलं. मागचेच शिल्लक असणार. सवयीच्या माणसाचा हात फडताळातल्या ठरल्या डब्याकडंच जातो, आत काय आहे ते न बघता. रामहरीचा हात तसाच गेला होता.

पुढचं तिनं ठरवून केलं नाही. हात गेला, कागद उचलला, आणि ती वळून पाण्यात शिरली.

"ए! ए बाई! कागद दे!"

घोटे, गुडघे, कंबर. कागद तिनं डोक्यावर धरला होता, पदराच्या घडीत. एक शिपाई पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यात थबकला आणि बुटांकडं बघत राहिला. रामहरीला पोहता येत नाही हे तिला माहीत होतं. चौदा वर्षं तो काहिलीत कडी घट्ट धरून बसायचा.

"शांते, सरकारी कागद पळवतीस! आत टाकीन!"

"अंगठा माझा हाय ना, जमादार?" ती पाण्यातून ओरडली. "मग कागद बी माझाच!"

छातीपर्यंत पाणी आलं. पुढं खोल होतं. एका हातानं पोहत बेट गाठणं तिच्या वयाला झेपणारं नव्हतं. ती उभी राहिली, पायाखालचा गाळ सरकत होता, दात वाजत होते, आणि तिनं टेकवाडीकडं तोंड करून हाक मारली. रोज लोक तिला हाक मारायचे, तशी.

बेटावर माणसं जमलेली दिसत होती. बराच वेळ काही हललं नाही. मग चिंचेखाली कोंबड्यांचा कलकलाट उठला. पांढरी होडी, जिला तीन वर्षं पाणी लागलं नव्हतं, उतारावरून घसरत खाली आली. ढकलणाऱ्यांत बायाच जास्त होत्या. वल्ह्यावर एकजण बसला आणि होडी वाकडी-तिकडी, गोल फिरत, कशीबशी तिच्याकडं यायला लागली. जवळ आल्यावर तिनं ओळखलं. तो सिद्धेश्वर होता.

त्यानं तिला काखेत धरून वर ओढलं. कोंबड्यांची पिसं, विष्ठा, फुटलेली अंडी, त्यातच ती बसली. कागद कोरडा होता. सिद्धेश्वरनं तळाशी आपली सही पाहिली आणि वल्हं थांबवलं.

"अक्का, मी सकाळी..."

"ते मला नगं सांगूस," शांतम्मा म्हणाली. "पुढच्या तारखेला तिथं सांग. आता वल्हव."

पुढच्या तारखेला तो कागद कोर्टापुढं गेला. वर दोन ओळी, मध्ये कोरं, खाली दोघांच्या खुणा. सिद्धेश्वरनं मान वर करून साक्ष फिरवली. हिंमतरावांना बोलावणं गेलं, तेव्हा ते आजारी पडले. इंजिन कुठं गेलं ह्याची चौकशी चालू आहे म्हणतात. शांतम्मावरही एक खटला आहे. काहील अजून ठाण्याच्या आवारात पालथी पडलेली आहे.

पाशा सुटला तो शुक्रवार होता. ती पांढऱ्या होडीनं त्याला आणायला गेली. रजियाबी पुढं बसली, पाशा मधे. पान्ह्यांची पिशवी ठाण्यानं परत दिली नव्हती, म्हणून त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. होडीच्या बुडातून थोडं पाणी येत होतं. त्यानं वाकून चीर चाचपली, बोटं ओली करून बघितली आणि म्हणाला, "अक्का, हिला बी बघावं लागंल."

शांतम्मानं ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावलं. बेटाच्या काठाला होडीचं टोक टेकलं. आधी रजियाबी उतरली, मग पाशा. शेवटी ती. येळवशीच्या दुसऱ्या दिवशीची ती सांजची खेप आता कुठं पुरी झाली.